कॉल चालू, नकाशा बंद: एका गाडीतल्या जोडणीचा तपास

गाडी सेकंड हँड, पण चांगली राखलेली. तक्रार एका ओळीची: फोन गाडीला जोडलेला राहत नाही. वर्कशॉपने आधी सॉफ्टवेअर अपडेट केलं, मग सगळं फॅक्टरी रिसेट केलं आणि शेवटी डॅशबोर्डमधलं अख्खं हेड युनिट, म्हणजे स्क्रीन, रेडिओ आणि फोनची जोडणी सांभाळणारं यंत्र, बदलायचा सल्ला दिला. त्या टप्प्यावर गाडी माझ्याकडे आली. गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामात असल्यामुळे अशा तक्रारी मी सतत ऐकतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण यात एका तक्रारीच्या पोटात तीन वेगवेगळे दोष होते आणि त्यातला एकही हेड युनिटमध्ये नव्हता.

गाडीच्या मालकीणबाई फिजिओथेरपिस्ट आहेत. पेशंटच्या घरी जाऊन उपचार करतात. दिवसभर नवे पत्ते शोधायचे, त्यामुळे नकाशा गेला की त्यांचं काम अडतं. स्क्रीन बंद पडला की चालत्या गाडीत फोन हातात घ्यायचा मोह होतो, आणि खरा धोका तिथे आहे.

मी आधी फक्त विचारत बसलो.

"ताई, बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं?"

"अहो, बंद पडतं म्हणजे नकाशा जातो. मग गाडी बाजूला घेऊन वायर लावायची, तर वायरनेही कधी लागतं, कधी नुसतंच चार्जिंग होतं."

"त्या वेळी कुणाशी बोलत असाल तर कॉलही तुटतो?"

त्या जरा थांबल्या. "नाही हो. परवाच मुलीशी बोलत होते. नकाशा गेला, पण तिचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतच होता."

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. आणि तपासाची दिशा त्या उत्तरानेच ठरली.

त्यांचा फोन अँड्रॉइडचा, म्हणजे गाडीत चालतं ते अँड्रॉइड ऑटो, फोनमधला नकाशा, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, तेही वायरलेस. बाहेरून बघताना ही एकच जोडणी वाटते. प्रत्यक्षात दोन असतात. गाडी सुरू झाली की फोन आणि हेड युनिट आधी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात. त्या ओळखीत हेड युनिट आपल्या वाय-फाय हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड फोनला गुपचूप देतं. फोन त्या हॉटस्पॉटला जोडला जातो आणि तिथून पुढे नकाशाचं चित्र, गाणी, मार्गदर्शनाचा आवाज, स्क्रीनवर बोट लावल्याची खबर, सगळं वाय-फायवरून जातं. गाडीच्या स्क्रीनवर दिसणारा नकाशा गाडीत तयार होत नाही. फोन तो काढतो, त्याचा व्हिडिओ करतो आणि गाडीकडे अखंड पाठवत राहतो. क्लासिक ब्लूटूथचा कमाल वेग कागदोपत्रीसुद्धा सेकंदाला ३ मेगाबिट. एवढ्यावर असा व्हिडिओ धड चालत नाही, म्हणून वाय-फाय लागतं, आणि तेही ५ गिगाहर्ट्झचं.

मात्र अँड्रॉइड ऑटोमध्ये फोन कॉलचा आवाज वाय-फायवर जात नाही. तो ब्लूटूथच्या हँड्स-फ्री मार्गानेच जातो. आयफोनची अशीच सोय म्हणजे कारप्ले, तिचं उलट आहे. वायरलेस कारप्ले सुरू झालं की आयफोन ब्लूटूथ सोडतो आणि कॉलचा आवाजसुद्धा वाय-फायवरून पाठवतो. ताईंचा फोन आयफोन असता तर हा धागा मला मिळालाच नसता.

म्हणजे नकाशा जातो आणि कॉल राहतो, याचा अर्थ ब्लूटूथ धडधाकट आहे, हेड युनिटचे स्पीकर आणि माइक चालू आहेत, युनिट रिस्टार्टही होत नाही. तुटतं ते फक्त वाय-फाय. युनिटमधली वाय-फायची बाजू बिघडलेली असू शकते, हे मान्य. पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण तो सगळ्यात महाग आणि सगळ्यात कटकटीचा आहे. आजच्या गाडीत त्याच युनिटवर रिव्हर्स कॅमेरा, कधी एसीची बटणं, कधी गाडीच्या सेटिंग्ज असतात. ते काढून दुसरं बसवणं म्हणजे रेडिओ बदलण्याइतकं सोपं काम राहिलेलं नाही. फोनमधली एकही गोष्ट न तपासता असा सल्ला देणं मला पटत नाही, आणि हे मी वर्कशॉपच्या ॲडव्हायझरलाही स्पष्ट सांगितलं.

वायरची तक्रार मी मुद्दाम आधी घेतली. वायरने नीट चालतं का, हे कळलं की वायरलेसचा तपास निम्मा होतो. वायरवर नकाशा तासभर अखंड चालला, तर फोनचं ॲप, हेड युनिटचं सॉफ्टवेअर, स्क्रीन, सगळं निर्दोष ठरतं आणि उरतो फक्त हवेतला मार्ग.

गाडीत पुढे एक जुन्या चौकोनी आकाराचं यूएसबी सॉकेट होतं आणि आर्मरेस्टखाली दोन टाइप-सी सॉकेट. ताई बहुतेक वेळा आर्मरेस्टमधलं वापरायच्या, कारण केबल दोन्ही बाजूंनी टाइप-सी. पण त्या दोन सॉकेटवर नुसतं बॅटरीचं चिन्ह होतं. तिथे फक्त वीज मिळते, डेटाच्या तारा हेड युनिटपर्यंत गेलेल्याच नाहीत. अनेक गाड्यांत अशी विभागणी असते, आणि सॉकेटशेजारचं ते बारीक चिन्ह कुणी बघत नाही. सॉकेट नवीन दिसतं म्हणून ते जास्त कामाचं, असं माणूस साहजिक धरून चालतो.

पुढच्या सॉकेटसाठी त्यांच्याकडे दुसरी केबल होती, कुठल्याशा दिव्याबरोबर आलेली. यूएसबी २.० च्या साध्या केबलमध्ये चार तारा लागतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या दोन्ही तारा गाळलेल्या असतात. बाहेरून फरक ओळखू येत नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे त्याच केबलने फोन कॉम्प्युटरला लावायचा. फाइल्स बघायचा पर्यायच आला नाही, तर बहुधा केबल चार्जिंगपुरतीच आहे. या केबलने तेच झालं.

मग मी माझी एक मीटरच्या आतली, डेटा चालणारी केबल लावली. स्क्रीनवर नकाशा आला, पण खड्ड्यातून गाडी गेली की पुन्हा गायब. हे वेगळं लक्षण. मी फोनच्या बाजूचं टोक बोटाने हलवून पाहिलं. प्लग डुगडुगत होता. चांगलं टाइप-सी टोक आत बसताना 'टक्' असा स्पष्ट आवाज येतो आणि मग ते हलत नाही. इथे तो आवाज येत नव्हता. टॉर्च मारून पाहिलं तर फोनच्या सॉकेटच्या तळाशी धाग्यांचा, धुळीचा घट्ट दाबून बसलेला राखाडी थर. पर्समध्ये, खिशात फोन राहिला की हा थर साचतोच, आणि दर वेळी प्लग घालताना तो आणखी दाबला जातो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद सोडवून काढला. धातूची पिन कधीही घालू नये, आतली जीभ आणि तिच्यावरचे संपर्कबिंदू फार नाजूक असतात. टाइप-सी जोडणी प्रमाणानुसार १०,००० वेळा लावणं-काढणं सोसेल अशी बनवलेली असते. त्यामुळे सॉकेट झिजलं असं म्हणण्याआधी ते साफ करून बघावं.

साफ केल्यावर प्लग टक्कन बसला. त्यानंतर खडबडीत रस्त्यावर बरंच फिरलो, नकाशा एकदाही हलला नाही. हेड युनिटवरचा मोठा संशय इथेच उतरला.

आता वायरलेस. पहिल्या फेरीत ताईंना गाडी नेहमीसारखी चालवायला सांगून मी शेजारी बसलो. फोन त्यांच्या सवयीप्रमाणे डॅशबोर्डखालच्या वायरलेस चार्जिंग पॅडवर. थोड्या वेळाने नकाशा अडखळायला लागला. गाडी पुढे गेली तरी बाण मागेच, मग एकदम उडी, गाणं तुटक. पण जोडणी तुटली नाही. फोन उचलून हातात घेतला तर चटका बसेल इतका तापलेला.

वायरलेस जोडणीच्या वेळी फोन किती कामं एकाच वेळी करतो, हे लक्षात घ्यायला हवं. उपग्रहांवरून स्थान काढणं, मोबाइल डेटावरून नकाशाचे तुकडे आणणं, चित्र रंगवणं, त्याचा व्हिडिओ बनवणं, तो वाय-फायवर सतत पाठवणं, सोबत गाणी. त्यात खालून वायरलेस चार्जिंग. या चार्जिंगमध्ये तारेच्या वेटोळ्यातल्या चुंबकीय क्षेत्रातून वीज जाते आणि वायरच्या तुलनेत बराच जास्त भाग उष्णता होऊन वाया जातो. वरून काचेतून येणारं ऊन. आयफोन वापरताना बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावं, असं ॲपल सांगते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत शिरलं की ती वरची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी चार्जिंग थांबवतो, प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि अडखळणारा नकाशा हे त्याचंच दृश्य रूप.

तरीही हा फोन जरा जास्तच तापत होता. म्हणून कव्हर काढलं. आत, खालच्या बाजूला, पातळ लोखंडी चकती चिकटवलेली. पूर्वी ताई चुंबकाचा फोन होल्डर वापरायच्या, त्याची ही चकती. होल्डर गेला, चकती राहिली. चार्जिंग पॅडच्या चुंबकीय क्षेत्रात असा धातू आला की त्यातही प्रवाह फिरायला लागतात आणि धातू तापतो. पॅडमध्ये परका धातू ओळखून चार्जिंग थांबवायची सोय असते. पण ही चकती मधोमध नव्हती, कडेला होती. त्यामुळे चार्जिंग पूर्ण थांबत नव्हतं, सुरू-बंद होत राहायचं आणि मधल्या वेळात चकती फोनची पाठ शेकत राहायची. कव्हरच्या कापडी अस्तरावर तिच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. वर्कशॉपमध्ये गाडी कितीतरी तास होती, पण ताईंचा फोन तिच्यासोबत नव्हताच. मग हे कुणाला दिसणार?

चकती काढली, फोन पॅडऐवजी एसीच्या झोताजवळच्या होल्डरवर ठेवला. अडखळणं थांबलं.

पण मूळ तक्रार जशीच्या तशी. फोन थंडगार असतानाही एका फेरीत नकाशा अचानक गेला, आणि ताई नेमक्या कॉलवर होत्या. कॉल चालू, नकाशा बंद. म्हणजे उष्णतेचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं. ताईंच्या लेखी दोन्ही 'बंद पडणं'च होतं, त्यांनी वेगळं ओळखावं अशी अपेक्षाही चूक. ते काम तपासणाऱ्याचं.

पुढच्या फेरीत फोन मीच हातात धरला आणि वाय-फायचं सेटिंग उघडं ठेवलं. वरच्या ओळीत गाडीच्या हॉटस्पॉटचं नाव, खाली 'जोडलेले, इंटरनेट नाही'. बराच वेळ काही घडलं नाही. मग एका चौकात उभे असताना ती ओळ खाली घसरली आणि तिच्या जागी दुसरंच नाव आलं. त्याच क्षणी गाडीच्या स्क्रीनवरचा नकाशा गेला.

ते दुसरं नाव आरशामागे लावलेल्या डॅशकॅमचं, म्हणजे समोरचा रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याचं होतं.

डॅशकॅममधली रेकॉर्डिंग फोनवर घेता यावीत म्हणून कॅमेऱ्याचा स्वतःचा वाय-फाय हॉटस्पॉट असतो. या कॅमेऱ्याचा तो गाडी सुरू असेपर्यंत चालूच राहायचा. ताईंनी कधीतरी एक क्लिप उतरवून घेताना तो फोनमध्ये जोडला होता, आणि फोनने तो 'आपोआप जोडा' या खुणेसह लक्षात ठेवला होता. फोन सहसा एका वेळी एकाच वाय-फायला धरून राहतो. गाडीच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नाही, तेव्हा फोनच्या हिशेबी ते जाळं कमअस्सल. सिग्नल जरा डळमळला की तो ओळखीच्या दुसऱ्या जाळ्याकडे उडी मारतो. तिथेही इंटरनेट नाही, पण ते त्याला जोडून झाल्यावरच कळतं. ब्लूटूथला या घडामोडींचा पत्ताही नसतो, म्हणून कॉल निवांत चालू.

सिग्नल डळमळायचं कारणही समोरच होतं. दुसऱ्या फोनवर वाय-फायचे चॅनेल (एकाच पट्ट्यातले वेगवेगळे मार्ग) दाखवणारं ॲप उघडलं तर गाडीचा हॉटस्पॉट आणि कॅमेऱ्याचा हॉटस्पॉट दोघेही ५ गिगाहर्ट्झच्या १४९ क्रमांकाच्या चॅनेलवर. हा निव्वळ योगायोग नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले मधले बरेच चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे रडारची चाहूल लागली की हॉटस्पॉटने ताबडतोब जागा सोडायची, असा नियम आहे. चालत्या गाडीतल्या उपकरणाला हे सांभाळणं अवघड, म्हणून अशी उपकरणं पट्ट्याच्या दोन टोकांच्या मोजक्या चॅनेलवरच गर्दी करतात. चौकात शेजारी आणखी चार गाड्या उभ्या राहिल्या की त्यांचेही हॉटस्पॉट तिथेच. ताईंची जोडणी चौकात जास्त वेळा जायची, हे त्यांनी नंतर आठवून सांगितलं.

कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झवर नेता आला असता. पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ असतं. ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा वारंवारता बदलत, वाय-फायने व्यापलेल्या जागा टाळत चालतं, त्यामुळे बहुतेक वेळा निभावून जातं. तरी जी एक जोडणी धड चालली आहे तिच्या वाटेत नवा अडथळा कशाला, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वाय-फाय बंद ठेवलं. क्लिप हवी असेल तेव्हा गाडी उभी करून बटण दाबलं की ते चालू होतं. फोनमध्ये कॅमेऱ्याच्या जाळ्यावरचं 'आपोआप जोडा' काढलं आणि वाय-फाय कमजोर वाटलं की मोबाइल डेटावर उडी मारायची फोनची सोयही बंद केली. कंपन्या या सोयीला वेगवेगळी नावं देतात, पण बहुतेक फोनमध्ये ती वाय-फायच्या प्रगत सेटिंग्जमध्ये सापडते.

एवढ्याने तक्रार मिटली. केबल नवी घेतली, बाकी एकही भाग बदलावा लागला नाही.

हेड युनिटची यादी चाळताना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला तक्रारीपेक्षा गंभीर वाटली. पेअर केलेल्या फोनमध्ये ताईंचा, त्यांच्या मुलीचा, आणि तीन अनोळखी फोन. आधीच्या मालकाच्या घरचे असणार. पहिल्या अपडेटनंतर रिसेट केल्याचं वर्कशॉपने सांगितलं होतं, पण बहुधा फक्त सेटिंग्ज पूर्वपदाला नेल्या, वापरणाऱ्यांचा साठा पुसलाच नाही. ब्लूटूथवर फोन जोडताना आपण संपर्क बघू द्यायची परवानगी देतो, तेव्हा फोनबुक आणि कॉलची यादी युनिटकडे जाते. चांगली युनिटं तो फोन समोर असेल तेव्हाच ती दाखवतात, पण ती आत साठवलेली राहणारच नाही याची खात्री कुणी द्यायची? गाडी विकताना माणसं डिकी रिकामी करतात, ग्लव्ह बॉक्समधली कागदपत्रं काढतात, आणि आपली सगळी माणसं मात्र स्क्रीनमागे सोडून जातात. ते तीन फोन काढून टाकले आणि ताईंना दाखवलं, कारण कधीतरी त्याही ही गाडी विकतील.

मुलीच्या फोनचा त्रासही तिथेच कळला. मुलगी घरात असताना गाडी दारात सुरू केली की युनिट कधी तिच्या फोनचं ब्लूटूथ पकडायचं. ताईंना वाटायचं, आजही बिघडलं. युनिटमध्ये फोनचा क्रम ठरवता येतो. ताईंचा फोन वर घेतला.

ताईंनी जाताना विचारलं, "मग आता वायर वापरू की वायरलेस?"

मी सांगितलं, दोन्ही वापरा, प्रवास बघून. जवळच्या फेऱ्यांना वायरलेस उत्तम. गाडीत बसलं की नकाशा हजर, उतरताना काही काढायचं नाही. लांबच्या रस्त्याला, किंवा उन्हाच्या वेळी, वायर. वायरवर वाय-फायचं काम फोनच्या डोक्यावरून उतरतं, चार्जिंगची उष्णता कमी होते आणि चौकातली गर्दी आड येत नाही. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही २०१४ साली जाहीर झाले तेव्हा वायरवरच होते. अँड्रॉइडच्या बाजूला वायरलेसची सोय ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, सर्वसाधारण फोनवर आली. ती वायरपेक्षा नवी आहे, पण तिच्या साखळीत कड्या जास्त आहेत.

एक अपेक्षा मात्र पूर्ण करता आली नाही. कॉलवर आपला आवाज समोरच्याला दबका ऐकू येतो, अशी त्यांची जुनी कुरकुर होती. या युनिटची हँड्स-फ्री सोय जुन्या पद्धतीची, आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेणारी आहे. नव्या युनिटमध्ये त्याच्या दुप्पट घेतात. हे सेटिंगने सुधारत नाही, वायर लावूनही नाही. ते आहे तसं राहील.

वर्कशॉपच्या जॉब कार्डवर मी तपासाची नोंद लिहून दिली: वायरवर जोडणी अखंड, वायरलेसमध्ये कॉल टिकतो आणि नकाशा तुटतो, कारण फोनची डॅशकॅमच्या हॉटस्पॉटवर उडी, हेड युनिट बदलू नये. पुढच्या सर्व्हिसला युनिटचं नवं सॉफ्टवेअर येणार असेल तर गाडीचा हॉटस्पॉट कुठल्या चॅनेलवर गेला ते पुन्हा बघायला सांगितलं आहे, आणि गाडीसोबत ताईंचा फोनही ठेवून घ्यायला.